पहिल्या खाटेचा टीव्ही

नेटवर्कवालीने छताची फळी ढकलली तशी धूळ थेट तिच्या डोळ्यांत गेली. शिडीवरच तिने एक शिवी गिळली. वर, चार टीव्हींच्या चार तारा एका साध्या स्विचच्या डबीत घुसल्या होत्या आणि तिथून एकच तार राउटरकडे निघाली होती.

"सापडलं का गं?" खालून सिस्टरने विचारलं.

"सापडलं. आमच्याच घरचा प्रताप आहे."

डायलिसिसच्या त्या खोलीत चार खाटा, प्रत्येकीसमोर टीव्ही, चौघांची एकच मॅच. पहिल्या खाटेवरच्या काकूंचं सगळ्यांत आधी आटपायचं. त्यांनी टीव्ही बंद केला की उरलेल्या तिघांचे पडदे काळे व्हायचे. परत लावला की लगेच सगळ्यांना दिसायचं.

"म्हणजे रिमोटमध्ये त्या पहिल्या खाटेवरच्या बाईनेच काहीतरी करून ठेवलंय," दुसऱ्या खाटेवरचा ड्रायव्हर म्हणाला. "स्वतःचं झालं ना, मग दुसऱ्याचं सुख कशाला बघवेल!"

"खोडसाळ, दुसरं काय," शेजारच्या मास्तरांनी री ओढली. शेवटच्या खाटेवरचा पैलवान नुसताच हुंकारला.

नेटवर्कवालीने शिडीवरूनच भावाला फोन लावला. ऑफिसात बसून राउटर तोच सांभाळायचा.

"दादा, राउटरचं विचारणं तू बंद केलंस?"

"अगं, आपले ते हॉटेलवाले गिऱ्हाईक डोकं खात होते, चॅनल बदलायला वेळ लागतो म्हणून. आता बघ, कसं सटासट बदलतं."

"एका तारेवर एक टीव्ही असेल तर! इथे एका तारेवर चार लटकलेत. एक बंद झाला की राउटरने आधी विचारायचं असतं, अजून कोणी बघतंय का. तू न विचारताच चॅनल तोडून मोकळा!"

"ओरडू नकोस. दोन मिनिटांत आपोआप येतं की परत."

"त्या दोन मिनिटांत इथे काय होतं, ते येऊन बघ एकदा. या तारेवर विचारणं चालू कर. आत्ता. फोन ठेवायचा नाही."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. ती खाली उतरली, पहिल्या खाटेसमोर मॅच लावली आणि खाडकन बंद केली. तिघांची मॅच चालूच राहिली. कोणी मानही वळवली नाही.

"इकडे बघा! चूक आमची होती. काकूंनी काहीही केलेलं नव्हतं."

"झालं ना नीट आता," ड्रायव्हर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "आधी यायचं होतंत."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. पहिल्या खाटेवरची चादर कडक इस्त्रीची, कोणी टेकलेलंही नव्हतं.

"काकू कुठे आहेत?"

सिस्टर सपाटच असलेली चादर उगाच ओढत बसली. "आज त्यांचा वार. मागच्या खेपेला या तिघांनी फार तोंड सोडलं त्यांच्यावर. सकाळी फोन केला, तर म्हणाल्या, त्या खोलीत मी येणार नाही. दुसरीकडे कुठे जागा नाहीये गं. एक वार चुकला की अंगावर सूज. दोन चुकले की..."

टीव्हीत गोल झाला. खोलीत कोणी ओरडलं नाही.

मास्तरांनी आपला टीव्ही बंद केला. मग पैलवानाने. ड्रायव्हरने रिमोट बराच वेळ नुसता धरून ठेवला, मग त्यानेही बटण दाबलं.

"बंद करून कोणाला दाखवताय?" नेटवर्कवाली कडाडली. "सिस्टर, लावा काकूंना फोन."

सिस्टरने फोन लावून पुढे केला. ड्रायव्हरच्या एका हातात सुया होत्या, तो हलवायचा नव्हता. त्याने दुसरा हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला.

"काय बोलू?"

"तोंडाला येईल ते बोलताना विचारलं होतंत कोणाला?"

पलीकडून बारीक, दमलेला "हॅलो" आला. ड्रायव्हरने फोन कानाशी घट्ट दाबला.

"काकू, मी दुसऱ्या खाटेवरचा," तो म्हणाला. "ठेवू नका."