चिरुताम्माला निम्मंच पाठ

माडी काढायला माडावर चढलेल्या मानसाला गावाचं सगळं दिसतं. कोन कुटं मुततंय हेबी. म्हनून माझ्यासंगं कुनी वाकडं घेत न्हाई. पोक्कननं मातूचा हात धरला तवा मी असाच वर व्हतो. कमरंला गाडगं, हातात कोयता, आन खाली उतरायचं म्हनलं तर तंवर तिचं बारसं-बारावं दोन्ही उरकलं असतं.

आधी मातूचं सांगतो. तिचा नवरा होडी घिऊन समुद्रात गेला, त्यो परत आलाच न्हाई. मागं ऱ्हायली ती, सासू चिरुताम्मा, एक गाय, आन बांधावरच्या फणसावर चढलेला मिरीचा वेल. त्या मिरीवरच दोघींचं वरीस निघायचं. शेजारचा पोक्कन दर साली वेल ओरबाडून न्यायचा. विचारलं तर म्हनायचा, "वेलानंच माज्याकडं तोंड केलंय, मी काय करू?" गेल्या साली तर मातूला म्हनला, "मिरी दिलीस, आता बाकीचं कवा देतीस?"

मातू रडली न्हाई. पाऊस लागल्याबरुबर कनारन गुरुक्कळांच्या कळरीत जाऊन हुबी ऱ्हायली. कळरी तिच्याच गोठ्यामागं. जमिनीत खोल खनलेली, वरनं झापांनी शाकारलेली तालीम; गुरुक्कळ म्हंजे तिथले वस्ताद.

गुरुक्कळ म्हनले, "बाई, ह्या वयात? हाडं वाळली की तुजी."

"वाळल्या लाकडाचाच दांडका हुतो, गुरुक्कळ."

घरात चिरुताम्मानं कपाळ बडवलं. "विधवा बाई अंगाला तेल चोपडून डुकरावानी मातीत लोळतीया! माजा ल्योक वरनं बघत असंल गं!"

"बघत असंल तर बरंच की, अम्मा. मग पोक्कनलाबी बघितलं असंल त्यानं."

म्हातारीच्या शिव्या काय थांबल्या न्हाईत.

आता कळरीत ओरड झाल्याबिगर पाय हालत न्हाई. गुरुक्कळ ओरडनार, "उजवा उचल! पुढं टाक! बस! वळ! छाती धर!" आन अंगानं ते मुकाट करायचं. सबंध पावसाळा रोज तेच. मातूचं अंग असं तयार झालं, की ओरड कानावर पडली की डोसक्याला इचारतच न्हाई.

औंदा मिरी लाल व्हाया लागली आन पोक्कन भर दुपारी शिडी-पोतं घिऊन आला. मातू आडवी आली.

"शिडी खाली ठिव."

पोक्कननं तिचं मनगट धरलं. "कळरीत ढुंगन वर करायला शिकलीस म्हनं. दाव की जरा."

आन मातू नुसती हुबी! मी वरनं बोंबललो, "हान त्याला! मार!" पर 'हान' हा काय गुरुक्कळांचा हुकूम नव्हं. तिचं अंग ओरडीची वाट बघत व्हतं, आन गुरुक्कळ गेले व्हते मासळी आनाया. पोक्कन हसत तिला वेलापासनं वढत न्यायला लागला. मला वाटलं, गेली मिरी, आन गेली बाईबी.

तेवढ्यात पडवीत नारळ खवत बसलेल्या चिरुताम्मानं विळी बाजूला सारली आन गुरुक्कळांच्याच घोगऱ्या सुरात आरोळी ठोकली, "उजवा उचल!"

मातूचा पाय उचलला.

"पुढं टाक! बस! वळ! छाती धर!"

पोक्कनचा हात पिळवटला आन त्यो शिडीसकट शेणखताच्या खड्ड्यात. शिव्या देता देता म्हातारीला सगळं पाठ झालं व्हतं की वो!

सगळं म्हंजे निम्मंच. रोज सकाळी ह्याच्या म्होरं गाय हंबरायची आन म्हातारी धारंला उठायची. शेवट तिनं कवा ऐकलाच नव्हता. तिनं डोसकं खाजवलं आन परत पयल्यापासनं धरलं, "उजवा उचल!"

नुकताच वर आलेला पोक्कन परत खड्ड्यात.

"अगं ए म्हातारे, थांब म्हन की तिला!" पोक्कन खड्ड्यातनं बोंबलला.

"थांबचं म्हाईत न्हाई रं मुडद्या! तवा मी धार काढत असते!"

तिसऱ्यांदा आरोळी द्यायला गेली आन म्हातारीला ढास लागली. खोकून खोकून जीव वर आला. पोक्कननं तेवढ्यात संधी साधली. भायेर आला, शिडीची पायरी उपसली आन मातूवर उगारली. कोन ओरडनार आता?

मातूचं ओठ हाललं. "उजवा उचल," ती सवताच म्हनली. आदी हळू. मग साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं, "पुढं टाक! वळ!" पायरी एकीकडं उडाली, पोक्कन उताना पडला. तिनं त्याच्या छातीवर पाय ठिवला, आन सवतालाच म्हनली, "थांब."

मग मागं सरली, कळरीत शेवटाला करत्यात तसा भुईला हात लावून नमस्कार केला आन बोलली, "मिरी माजी. तुजी वाट तिकडनं."

मी माडाला मिठी मारून रडलो. माडी सांडली ती येगळीच.

सांजंला म्हातारी गुरुक्कळांकडं जाऊन शेवट शिकून आली. म्हनली, "अर्धवट इद्या वंगाळ. हात दुखलं पोरीचं."

आता मिरी अंगनात वाळतीया. परवा म्हातारी धारंला बसली आन गाईला म्हनली, "उजवा उचल गं बाय." गाय जागची हालली न्हाई. पलीकडच्या बांधावरनं चाललेला पोक्कन मातर चपला टाकून पळाला.