लोकरी अंगरख्यातला अडॅप्टर

भिंतीतला प्लग आणि लॅपटॉप यांच्यामध्ये जी काळी, जड वीट आडवी पडलेली असते ना मित्रांनो, ती मी. लोक लॅपटॉपचे कौतुक करतात आणि मला पायाने बाजूला सारतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. मला फक्त भीती वाटते. माझा जन्मच तसा आहे. भिंतीतली रागीट वीज गिळायची आणि शहाणी करून पुढे पाठवायची, हे माझे काम. सिंहाला घास भरवणाऱ्याने निवांत असावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

कारखान्यात माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत एक सूचना छापली होती : ‘झाकू नये.’ ती आजवर कोणी वाचली नाही. मी स्वतःही वाचू शकत नाही, कारण ती पाठीवर आहे.

राजधानी बिश्केकपासून दूर, डोंगरातल्या नारीन गावात मी चोलपोनकडे आलो. चोलपोन एकवीस वर्षांची. सकाळभर ती आईला नमद्याचे, म्हणजे दाबून जाड केलेल्या लोकरीचे, गालिचे शिवायला मदत करायची आणि दुपारनंतर लॅपटॉपवर लढाया खेळायची. तिच्या आईचे नाव सायकाल. चोलपोन तिला आपा म्हणायची. आपाने सरळ सांगितले होते, “हा हिवाळा तुझा. निवड झाली तर बिश्केकला जा, तिथल्या लढाया खेळणाऱ्या संघात खेळ, पगार घे. नाही झाली, तर सुई हातात घ्यायची आणि तोंड मिटायचं.”

“आणि झाली तर तोंड उघडं ठेवू?”

“तुझं मिटतंच कधी?”

निवडीचा सामना जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीन वाजता होता. एकच सामना. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर निवड गेली.

आणि लॅपटॉप बंद पडत होता. खेळ सुरू झाला की दहाव्या मिनिटाला त्याचा पंखा किंचाळायचा, चित्र अडखळायचे आणि अकराव्या मिनिटाला काळोख. तापाने फणफणलेला तो बिचारा माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. दोघांनाही बोलता येत नाही.

आपाने आपल्या परीने निदान केले. बाहेर उणे वीस, फरशी बर्फासारखी, आणि मी त्या फरशीवर उघडा. “थंडी बाधली असणार याला,” ती म्हणाली. दोन दिवस खपून तिने माझ्यासाठी जाड लोकरी नमद्याचा अंगरखा शिवला. लाल काठ, पांढरी मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, दोन्ही वायरींसाठी दोन भोके. त्या घरात कोणाला काही झाले की लोकर गुंडाळतात. आजारी वासराला गुंडाळतात, बटाट्याच्या पोत्याला गुंडाळतात. मलाही गुंडाळले. माझी तर पाचावर धारण बसली. आयुष्यात कोणी माझ्यावर एवढे प्रेम केले नव्हते आणि ते प्रेम मला जिवंत भाजणार होते.

शुक्रवारी मेदेरला बोलावले. मेदेर शिवणयंत्रे, दूध घुसळायची यंत्रे आणि अधूनमधून टीव्ही दुरुस्त करायचा. चोलपोन त्याला मानाने बायके म्हणायची, म्हणजे मोठा भाऊ. त्याने लॅपटॉप पालथा घातला, पेचकसाने पाठ उघडली आणि चिमट्याने पंख्यातून लोकर ओढायला सुरुवात केली. ती संपेचना.

“पोरी,” तो गंभीरपणे म्हणाला, “यात मेंढी आहे.”

“आपा ज्या खोलीत नमदा लाटते तिथेच मी खेळते ना, बायके.”

“मग तिची शेपटी तरी बाहेर ठेवायचीस, धरून ओढायला.”

त्याने पंखा साफ केला, चिपवरचा, तिची उष्णता ओढून घेणारा, वाळलेला लेप खरवडून नवा लावला. लॅपटॉपने इतका मोकळा श्वास घेतला की मला रडू आले असते, सोय असती तर. मग मेदेरने विचारले, “अडॅप्टर कुठाय?”

माझ्या मनात आशेचा दिवा लागला. अंगावरचा छोटा दिवा तर होताच, पण तो लोकरीखाली.

“हा काय,” आपाने मला अभिमानाने पुढे केले. “कपडे घातलेत त्याला.”

मेदेरने मला हातात घेतले. त्याच्या कपाळावर आठी आली. त्याला कळले होते, मित्रांनो! ओठ हललेसुद्धा. पण आमच्याकडे रीत आहे : नवी सून, नवे बाळ किंवा नवी वस्तू पहिल्यांदा दाखवली की बघणाऱ्याने आधी काहीतरी हातावर ठेवायचे आणि चार चांगले शब्द बोलायचे. त्याला कोरुंदुक म्हणतात. आपा वाट बघत उभी होती. मेदेरने खिसे चाचपले, मूठभर खाऊच्या गोळ्या काढून तिला दिल्या आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे म्हणाला, “शिवण सुरेख आहे, एजे. अंगाला लाभो त्याच्या.”

एकदा आशीर्वाद दिल्यावर अंगरखा उतरवा असे कोणत्या तोंडाने सांगणार? तो चहा पिऊन, मान खाली घालून निघून गेला. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

आता खरी आपत्ती ऐका. लॅपटॉप आजारी होता तेव्हा तो थोडीच वीज मागायचा. आता तो बरा झाला होता आणि बऱ्या झालेल्या रोग्यासारखा वखवखून खाऊ लागला. तेवढे सगळे मलाच पुरवायचे होते, लोकरीच्या आत बसून.

रविवारी तीन वाजता सामना सुरू झाला. दहावे मिनिट गेले, अकरावे गेले, लॅपटॉप ताठ उभा. “चालतंय, आपा!” चोलपोन ओरडली. आपा शेजारी नमदा कापत बसली होती. पंधराव्या मिनिटाला माझे कवच मऊ पडू लागले. माझ्यापाशी एकच भाषा आहे, वासाची. मी जिवाच्या आकांताने वास सोडला.

आपाने नाक वर केले. “शेगडीत लोकर पडली वाटतं,” ती म्हणाली आणि शेगडी बघायला गेली.

मी नमद्याच्या ढिगाला टेकून होतो. त्याच्यामागे लाकडी भिंत. मी पेटलो असतो तर ढीग पेटला असता, मग भिंत, मग त्या दोघी. एवढा घाबरलो नव्हतो कधी. सुदैवाने कारखान्यातल्या कुणा शहाण्याने माझ्या पोटात एक राखणदार बसवला होता. उष्णता हद्दीपार गेली की तो वीज तोडतो. त्याने तोडली. मी मान टाकली.

पडदा मंदावला. “आपा! वीज गेली! जुनी बॅटरी चाललीय, चार मिनिटं टिकेल फार तर! प्लग बघ!”

आपाने मला उचलले आणि किंचाळून सोडले. बोटे भाजली होती. लोकरीवर तपकिरी डाग पसरत होता आणि त्यातून धुराची एक रेघ निघाली होती. क्षणभर ती आपल्याच शिवणीकडे बघत राहिली. मग तिने मला भिंतीतून उपटले, कात्रीने अंगरखा उभा फाडला, खिडकीची वरची झडप उघडली आणि वायरीला धरून मला बाहेर लोंबकळत ठेवले. उणे वीसचा वारा आत घुसला.

“आपा, थंडी!”

“तू मार त्यांना! थंडीचं मी बघते!”

बॅटरीत दोन टक्के उरले असताना मी परत भिंतीत आलो. माझा दिवा लागला. त्याच्याकडे बघायला मात्र कोणालाही वेळ नव्हता.

चोलपोनची निवड झाली, अगदी काठावर, यादीतल्या शेवटच्या नावावर. मेदेर अभिनंदनाला आला, माझे वाकलेले कवच पाहून पांढरा पडला. “एजे, मला शुक्रवारीच कळलं होतं. लाजेनं बोललो नाही. घर जळलं असतं तुमचं.”

“पुढच्या वेळी आधी बोल,” आपा म्हणाली, “गोळ्या मग दे.”

त्याने मला कायमचे निवृत्त केले. एकदा इतका तापलेला अडॅप्टर पुन्हा वापरू नये, हे त्याने आपाकडून तीनदा वदवून घेतले. चोलपोन नवा घेऊन बिश्केकला गेली. मी आता खिडकीत, उघडा, गार पडून असतो. भीती गेलेली नाही. फक्त आता ती त्या नव्यासाठी वाटते.

मित्रांनो, आम्हाला कपडे नकोत. अंथरुणावर, उशीखाली, कपड्यांच्या ढिगात आम्हाला ठेवू नका. टणक जागा आणि थोडी हवा द्या. जळका वास आला तर आधी आमच्याकडे या. आणि आम्हाला सांगता येत नाही, म्हणून अधूनमधून हात लावून विचारा.

बिश्केकहून फोन येतो तेव्हा आपा आता ‘जेवलीस का’ असे आधी विचारत नाही. भाजलेली बोटे फोनभोवती आवळून ती म्हणते, “हात लावून बघितलंस त्याला? जा, आत्ता बघून ये. मी थांबते.”