साडेपाच तास कोणी मिळवायचे?

मला तोंड नाही, तरी आज बोलणार आहे. त्या पाच दिवसांत माझ्याबद्दल सगळे बोलले, माझ्याशी कोणी बोललं नाही. मी एक जोडणी आहे. दोन मोठ्या प्रोग्रामांच्या मध्ये बसणारा एक छोटा प्रोग्राम.

माझ्या एका बाजूला डेटाबेस आहे, सहा सर्व्हरांवर वाटून ठेवलेला. कांदिवली-बोरिवलीच्या दवाखान्यांतले लसींचे फ्रीज दर पाच मिनिटांनी आपलं तापमान त्यात पाठवतात. दुसऱ्या बाजूला त्या लाखो नोंदी चाळणारं इंजिन. मी स्काला नावाच्या, प्रोग्राम लिहायच्या भाषेत जन्मले. कुणा परक्या देशातल्या माणसाने मला लिहिलं आणि फुकट वाटलं. मला वापरणारी स्वरदा लिहिते पायथन या दुसऱ्या भाषेत. तिने तिच्या भाषेत मागायचं, मी माझ्या भाषेत आणायचं, पुन्हा तिच्या भाषेत हातात ठेवायचं. आणि बिघडलं की बोलणी मी खायची.

स्वरदा बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली. अंधेरीच्या ऑफिसचं काम ती चारकोपच्या घरी, जेवणाच्या टेबलावर करते. नऊ महिन्यांची सई रांगत येऊन चार्जरची वायर ओढते.

सोमवारी तिने मला बसवायला घेतलं. माझं व्हर्जन एक, इंजिनाचं दुसरं. मी चालणार कशी? दीड पानाची एरर आली. ती वाचून स्वरदाला वाटलं, रजेत आपलंच डोकं गंजलं. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. ऑफिसातला केयूर फोनवर म्हणाला, "अगं, ही जोडणीच फालतू आहे. फेकून दे." मला कुठलं इंजिन चालतं ते माझ्या माहितीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. पण पहिलं पान कोण वाचतं?

शुक्रवारी तिने वाचलं. मी धावले. पहिला तक्ता पडद्यावर आला आणि तिचा आनंद अर्धा मिनिट टिकला.

चारकोपचा दवाखाना, गुरुवार, साडेदहा ते अकरा: चौदा अंश.

आठच्या वर लस जाऊ द्यायची नसते. आणि गुरुवारी पावणेअकराला, त्याच दवाखान्यात, सईला गोवराची लस टोचली होती.

स्वरदाचा हात कीबोर्डवरून उठून सईच्या दंडाकडे गेला. केयूर फोनवर म्हणाला, आत्ताच दवाखान्याला मेल टाक, त्या सकाळच्या सगळ्या मुलांना परत बोलवू देत. तिने मेल लिहिला. सोळा मुलं, आणि फ्रीज सांभाळणाऱ्या मालन सिस्टरांचं नाव. मी जसं होतं तसंच आणलं होतं. पण काय आणलंय ते कुणी विचारावं तर ना.

पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती थांबली. चूक आपलीच असणार, ही तिची जुनी सवय. आज ती पहिल्यांदा कामाला आली. तिने दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, काल साडेदहाला फ्रीज बंद होता का?"

"साडेदहाला? तेव्हा तुझ्याच लेकीला टोचायच्या गडबडीत होते ना मी. दवाखाना डोक्यावर घेतला होता तिने. फ्रीज चारला बंद केला, पुसायला. दर गुरुवारी करते. लसी बर्फाच्या डब्यात होत्या. का गं?"

साडेदहा. चार. स्वरदाने बोटांवर मोजलं. साडेपाच तास.

डेटाबेस ग्रिनिचची वेळ ठेवतो. तिची भारतातली वेळ करायला साडेपाच तास मिळवावे लागतात. रजेआधी ती ओळ स्वरदाच्या प्रोग्राममध्ये होती. रजेत केयूरने ती तिथून काढून आपल्या प्रोग्राममध्ये घेतली. स्वरदा परतल्यावर त्याने आपल्याकडची खोडली.

"केयूर, वेळेची ओळ तू काढलीस?"

"हो. तू आलीस ना परत. सांगायचं राहिलं, यार."

मेल पुसला गेला. स्वरदाने सईला उचलून कडेवर घेतलं. मग एका हाताने तिने ती ओळ लिहिली आणि तिच्यावर टीप: "साडेपाच तास इथे मिळवले आहेत, पुन्हा मिळवू नयेत. जोडणीची चूक नाही." माझ्या आयुष्यातलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

आता रोज सकाळी मी धावते. नवं इंजिन येणार असं ऐकते. म्हणजे मला काढतील. खुशाल काढा. पण माझ्या जागी येईल तिचं पहिलं पान वाचा. आणि तिने वेळ आणून हातात ठेवली, की मुलांच्या आयांना घाबरवण्याआधी विचारा, ही कुठल्या घड्याळाची?