वेल्डरचं बोलणं

दर मंगळवारी संध्याकाळी सहाला ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात व्यसन सोडणाऱ्यांची मीटिंग भरायची आणि ती नर्सबाई चालवायची. तशी ती आता नर्स राहिली नव्हती. पेशंटच्या नावावर दुखण्याच्या गोळ्या काढून स्वतःच खायची, ते उघडकीला आलं आणि नोकरी गेली. आता ती एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गोळ्या सुटून चार वर्षं झाली होती. त्यातली तीन वर्षं तिनं ही मीटिंग घेतली, एकही मंगळवार न चुकवता. अंगात ताप असताना घेतली, पोटच्या लेकीनं अबोला धरला होता त्या दिवसांतही घेतली.

वर्ग ड्रायव्हरकाकांचा. दारू सोडून त्यांना नऊ वर्षं झाली होती. भिंतीवर रहदारीची चिन्हं, मधोमध आठ-दहा खुर्च्या, आणि काकांचा एकच कडक नियम: ज्याला हे दुखणं आहे त्यानंच आत यायचं, सोबत कुणाला आणायचं नाही.

त्या नियमाला पहिला धक्का बसला तो वेल्डर आला तेव्हा. रुंद खांद्यांचा, चाळिशीचा माणूस. दारू सोडून त्याला जेमतेम वीस दिवस झाले होते. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे थोरली बहीण बरोबर आली होती. तो हातांनी बोलायचा आणि ती ते सगळ्यांना सांगायची.

"आजच्यापुरतं चालवून घेऊ," काका तोंड वाकडं करून म्हणाले.

आजच्यापुरतं म्हणता म्हणता तीन मंगळवार गेले. नर्सबाईच्या मनात मात्र काहीतरी खटकत होतं. वेल्डरचे हात दोन-दोन मिनिटं चालायचे, चेहरा पिळवटून निघायचा, आणि बहीण म्हणायची, "तो म्हणतोय, बरं चाललंय. सगळ्यांचे आभार."

तिसऱ्या मंगळवारी निघताना त्यानं नर्सबाईच्या हातात घडी केलेला कागद कोंबला. जिन्यात उभं राहूनच तिनं तो वाचला. 'ताई माझं बोलणं धुऊन-पुसून सांगते. आणि खरं ते तिच्यासमोर सांगता येत नाही. ती नसली तर काहीच सांगता येत नाही. काय करू?'

नर्सबाई दुसऱ्याच दिवशी कामावरून सुटल्यावर मूकबधिर शाळेत गेली. तिथून एका निवृत्त मास्तरांचा पत्ता मिळाला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो. पण एक सांगतो, तो जे बोलेल ते सगळं सांगणार. शिवी दिली तर शिवीसुद्धा."

"तेच तर हवंय," ती म्हणाली.

बहिणीला समजावणं अवघड गेलं. "परका माणूस चालतो आणि मी नको?" ती रडवेली झाली. नर्सबाईनं तिला खोटं सांगितलं नाही, पण कागदाबद्दलही चकार शब्द काढला नाही. "त्याला त्याची जागा लागेल," एवढंच म्हणाली.

काका मात्र ऐकेनात. "बहीण निदान घरातली होती. हे मास्तर कोण? मागे माझी गोष्ट एकानं बाहेर बोलून दाखवली, तर निम्म्या लोकांनी माझ्या गाडीत शिकायला बसणं सोडलं. नऊ वर्षं मी हा नियम उगाच नाही सांभाळला."

"नियम माणसं आत राहावीत म्हणून आहे ना, काका? इथं तो एकाला बाहेर ठेवतोय."

"खोली माझी आहे, नर्सबाई."

"आहे ना. म्हणून मी दुसरी बघते."

बोलून तर बसली. रस्त्यावर आल्यावर चार वर्षांत पहिल्यांदा तिला गोळीची इतकी तीव्र आठवण झाली, की वाटेतल्या औषधाच्या दुकानासमोरून जायचं टाळून ती लांबच्या रस्त्यानं घरी गेली. पण मागे फिरली नाही. सकाळी लाँड्रीच्या मुकादमाला गाठलं आणि मळक्या चादरींच्या ढिगामागचा कोपरा तासभर मागून घेतला. सगळ्यांना निरोप धाडले.

मंगळवारी सहाजण आले. वेल्डर होता, मास्तर होते. कपड्यांच्या गाठोड्यांवर सगळे गोल करून बसले, आणि तेवढ्यात पलीकडची चारही मोठी यंत्रं सुरू झाली. असा धडधडाट, की शेजारच्याचं बोलणंही कळेना. नव्यानं जुगार सोडलेली एक शिक्षिका ओरडून ओरडून लाल झाली. "काय? काय म्हणालात?" सगळ्यांचं एकच. वेल्डर आणि मास्तर तेवढे निवांत गप्पा मारत होते.

मग वेल्डर हसायला लागला. पोट धरून हसला. हातांनी भराभर काहीतरी बोलला आणि मास्तर सगळ्यांच्या मध्ये वाकून त्याच्याच शब्दांत ओरडले, "मी म्हणतोय, आता कळलं का मला रोज कसं वाटतं?"

हशा पिकला. यंत्रं थांबेपर्यंत मास्तरांनी सगळ्यांना चार खुणा शिकवल्या: आज, प्यायलो नाही, पुन्हा सांग, मी ऐकतोय. शिक्षिकेनं 'प्यायलो नाही'ची खूण अशी काही केली, की मास्तरांनी कपाळावर हात मारला.

यंत्रं थांबली तेव्हा दारात ड्रायव्हरकाका उभे होते. चेहरा उतरलेला.

"रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसलो होतो," ते म्हणाले. "अर्धा तास बसलो. मग मनात नको ते यायला लागलं. सरका जरा."

नर्सबाईनं गाठोडं पुढे सरकवलं. काका बसले आणि मास्तरांकडे वळून म्हणाले, "इथलं बाहेर जाणार नाही ना?"

"तीस वर्षं पोरांची गुपितं याच हातांनी ऐकलीत," मास्तर म्हणाले. "एक सांडलं नाही."

मग वेल्डर बोलला. मास्तर एकेक शब्द उचलून 'मी' म्हणत सांगत होते. "चार वर्षांपूर्वी ताई भाच्याला माझ्यापाशी सोडून गेली. तीन वर्षांचा होता. मी प्यायलो आणि झोपलो. त्यानं उकळतं पातेलं अंगावर ओढलं. कोपरापर्यंत हात भाजला. मी ताईला सांगितलं, पातेलं तूच ओट्याच्या काठावर ठेवून गेली होतीस. तिनं मानलं. अजून मानते. अजून स्वतःला दोष देते, आणि मला मीटिंगला घेऊन येते."

नर्सबाईनं भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात दोन वर्षं काढली होती. तिच्या मनात राग उसळला, तिनं तो गिळला नाही, चेहऱ्यावर येऊ दिला. वेल्डरला तो दिसला, तरी त्यानं नजर वळवली नाही.

"पुढे काय करणार?" तिनं विचारलं.

"तिला सांगणार."

"एकटा जाऊ नकोस," काका म्हणाले. "मी नेतो."

रविवारी काका त्याला शिकाऊ गाडीतून, टपावरच्या पाटीसकट, बहिणीच्या दारात घेऊन गेले. खाली थांबले. दहा मिनिटांत वेल्डर परत आला. बहिणीनं सगळं बघून घेतलं होतं आणि एक खूणही न करता दार लावलं होतं.

दोन महिने ती आली नाही, निरोप नाही. मीटिंग पुन्हा काकांच्या वर्गात भरू लागली. वेल्डर दर मंगळवारी बसनं एकटा येत होता. प्रत्येक वेळी नर्सबाईला वाटायचं, आज याची खुर्ची रिकामी राहणार. ती सहाला पाच मिनिटं असताना खिडकीशी उभी राहायची. तो यायचा, छातीवर हात ठेवून खूण करायचा: आज प्यायलो नाही.

तिसऱ्या महिन्यात एकदा तो आला तोच हात चालवत.

"ताई वर्कशॉपवर आली होती," मास्तर सांगू लागले. "तासभर भांडली. इतक्या जोरात हात चालवत होती, की कामगार लांब सरकले. म्हणाली, 'चार वर्षं मी रात्री उठून ते पातेलं बघायचे.' मी खाली बघितलं, तर हनुवटी धरून वर केली. म्हणाली, 'बघ माझ्याकडे, सगळं बघ.' मी सगळं बघितलं."

"आणि भाचा?" शिक्षिकेनं विचारलं, आणि लगेच नव्यानं शिकलेली 'भाचा'ची खूण करून पुन्हा विचारलं.

"त्याला भेटू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, अजून नाही."

"मग?"

वेल्डरनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. मग एकच खूण केली. मास्तरांनी सांगण्याआधीच ती सगळ्यांना कळली. ताई हो म्हणेपर्यंत तो वाट बघणार होता.