थोरलीचं शीड

दिंद्रुडच्या बाजारात रुद्रप्पांचं कापडाचं दुकान होतं. दुकान आणि घर यांच्या मध्ये एक जाड पडदा, आणि पडद्याआड त्यांची थोरली मुलगी शिवांजली, हातमशीन घेऊन बसलेली. तिसऱ्या वर्षी पोलिओत पाय गेले, आता वय चोवीस. गावातल्या निम्म्या बायका तिने शिवलेले ब्लाउज घालत. तिचं तोंड पाहिलेल्या फार थोड्या. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर रुद्रप्पा म्हणत, "आत एक टेलर बसवलाय."

रुद्रप्पा काही वाईट माणूस नव्हेत. पोरीला साधा ताप आला तरी जीप करून अंबाजोगाईला नेतील. फक्त चार लोकांत तिला 'माझी' म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ अडखळायची. असे प्रेमळ बाप आपल्याकडे घरोघर आहेत, वाचकहो! दिल्लीत अपंगांसाठी कायदा होऊन वर्ष उलटलं होतं. दिंद्रुडला तोवर केबल टीव्ही पोचला होता, कायदा मात्र वाटेतच होता.

एकदा माजलगावचे मुंजाजी दुकानात आले. नौदलातून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर रविवारी धरणाच्या पाण्यावर अपंगांना आणि दुर्धर आजाराच्या लेकरांना शिडाची होडी चालवायला शिकवत. होडीसाठी त्यांना नवं शीड हवं होतं. शिवांजलीने कापडाच्या पट्ट्या काठाला काठ जुळवून, एक सुरकुती न पडू देता शिवून दिल्या. आठ दिवसांत मुंजाजी ते शीड घेऊन परत हजर!

"शिलाई एक नंबर हाय," ते म्हणाले, "पण हा पडदा झाला, शीड न्हाई. वारा धरायला शिडाला पोट लागतं."

पडद्याआडून आवाज आला, "मामा, म्या शिडात वारा भरलेला कधी बघितलाच न्हाई. पोट किती ठेवायचं, कसं कळावं?"

मुंजाजींनी पडदा बाजूला केला. मशीन पाहिलं, कुबड्या पाहिल्या. "मग रविवारी धरणावर ये. होडी तूच चालव अन् बघ."

शिवांजलीचा हात मशीनच्या चाकावरच थांबला. धरण पाऊण तासावर होतं. सगळ्या गावाने पाहिलं होतं, तिने फक्त ऐकलं होतं. एवढं पाणी एका जागी कसं दिसत असेल? ज्याला पलीकडचा काठ नाही म्हणतात, ते कसं असेल? कितीदा तरी तिने डोळे मिटून ते पाहायचा प्रयत्न केला होता.

"पाण्यात?" रुद्रप्पा दचकले. "तिला धड उभं ऱ्हाता येत न्हाई!"

"होडी पायानं चालत न्हाई, रुद्रप्पा, हातानं चालते. खुर्ची हाय, पट्टा हाय, तरंगायचं जाकीट हाय. तुमी लोकं तिचे पाय बघता. मला तिचे हात दिसायलेत."

रुद्रप्पा नाहीच म्हणणार होते. पण तेवढ्यात त्यांना आठवलं, रविवारी घाटनांदूरचे पाहुणे धाकट्या रुद्राणीला बघायला येणार होते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "जाऊ द्या मग तिला. दिसभर ठेवा."

पाहुण्यांसमोर आपण नको आहोत, हे शिवांजलीला लगेच कळलं. तिची आई उमाबाई मान खाली घालून आत गेली. शिवांजलीला फार लागलं, पण तिने ते गिळलं, कारण पाण्याची ओढ अपमानापेक्षा मोठी होती.

रविवारी मुंजाजींनी तिला होडीतल्या खुर्चीत बसवलं, एका हातात सुकाणू दिलं, दुसऱ्यात शिडाची दोरी, आणि स्वतः पुढे जाऊन बसले. जुनं, ठिगळं लावलेलं शीड आधी फडफडलं, मग टम्म फुगलं, आणि होडी निघाली.

"मामा! हे तर ब्लाउजला टक घालतात तसं! कडा जरा गोल कापायच्या!"

मुंजाजी हसले. शिवांजली मात्र रडत होती. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न उचलता, ती मनाला येईल तिकडे जात होती.

इतक्यात धरणाच्या भिंतीवर जीप थांबली. पाहुण्यांनी पोहे खाता खाता धरण बघायची टूम काढली होती. रुद्रप्पांना नाही म्हणता येईना. त्यांची टोपी शिवांजलीने लांबूनच ओळखली. त्यांनीही तिला ओळखलं, आणि ते जागच्या जागी खिळले.

"मामा, आपुन पल्याड जाऊ. रुद्राणीचं मोडंल. अप्पांची अडचण व्हईल."

"सुकाणू तुझ्याकडं हाय, पोरी."

तिने सुकाणू फिरवलं. बापाची लाज राखायला लेकीने भिंतीकडे पाठ केली.

होडी जरा लांब गेली असेल नसेल, मागून हाक आली. "शिवूऽऽ! ए शिवू! हिकडं आण होडी!"

रुद्रप्पा धोतराचा सोगा धरून उतारावरून पाण्याकडे धावत होते! शिवांजलीने होडी वळवली. ती काठाला लागली तेव्हा पाहुण्यांमधल्या भिवराबाई, नवऱ्यामुलाची आत्या, खाली आल्या होत्या.

"ही कोण?"

"माझी थोरली लेक," रुद्रप्पा म्हणाले. या खेपेला जीभ अडखळली नाही.

"मंग घरी कावून न्हाई दाखवली?"

"म्या लपवली. तुमी काय म्हनताल म्हणून. आज तिनं मला वळखलं, अन् माझ्यासाठी तोंड फिरवून चालली. मला सोसलं न्हाई."

भिवराबाईंनी होडीतल्या शिवांजलीकडे पाहिलं. "पाय अधू असणं हा काय गुन्हा न्हाई," त्या म्हणाल्या. "पर सोयरिकीची सुरुवात लपवाछपवीनं केली तुमी. इचार करून कळवतो."

घाटनांदूरहून निरोप आलाच नाही. शिवांजली आठवडाभर स्वतःला दोष देत राहिली. शेवटी रुद्राणीनेच तिला दटावलं, "ताई, तू न्हाई केलंस काही. अप्पांनी केलं, अन् अप्पांनीच कबूल केलं."

वाचकहो, आपल्या घरातल्या अशा लेकराला धरणावर न्यायला होडी मिळेल, न मिळेल. पण चार लोकांत त्याचं नाव मोठ्याने घ्यायला काय लागतं? आपण जपतो म्हणतो आणि झाकतो. ते लेकरू आतून आपल्या एका हाकेची वाट बघत असतं. आज घरी कुणी आलं, तर त्याला बाहेर बोलवा.