वीतभर राहिलेली दुमड

मी एक जुने पितळी अंगुस्तान आहे. मित्रांनो, शिवताना सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटावर जी छोटी टोपी घालतात ना, ती मी. माझ्या अंगभर बारीक खळ्या आहेत. त्या कारखान्यात पाडल्या, सुई घसरू नये म्हणून. पण शेंड्याजवळची एक खळी बाकीच्यांपेक्षा खोल आहे. ती कारखान्याची नाही. ती एका आईची आहे. चौदा वर्षे तिने त्याच जागी सुई टेकवून ढकलली. ती आता नाही. तिचे बोट मात्र माझ्या आत अजून राहते.

ती घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. मशीन होती, पण घेराची दुमड ती हातानेच घालायची. मशीनची टीप दिसते, हाताची दिसत नाही, असे तिचे म्हणणे. काम संपले की ती मला टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवायची. टक टक. मग थोरली आणि धाकटी, तिच्या दोघी मुली, असतील तिथून धावत यायच्या. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका. घरात माझा शब्द चालायचा.

मग ती आजारी पडली. तेव्हा ती धाकटीसाठी निळा फ्रॉक शिवत होती, वाढत्या अंगाचा. दुमड वीतभर राहिली होती. "उद्या पुरी करते," म्हणून तिने सुई कापडातच टोचून ठेवली, मला डब्यात टाकले आणि दवाखान्यात गेली. तिचा उद्या आलाच नाही.

फ्रॉक सुईसकट खुंटीवर लटकत राहिला. कुणी हात लावला की धाकटी ओरडायची, "नाही! आईचं काम राहिलंय. ती येऊन करेल." सहा वर्षांच्या मुलीचा तर्क सरळ होता. काम अर्धे असेल तर माणूस परत येते. माझ्या डब्याचे झाकण कधीच नीट बसत नसे, त्यामुळे हे सारे मला दिसे, आणि खोटे कशाला बोलू, मीही तिच्यासारखीच वाट पाहत होतो.

तिचे बाबा नळदुरुस्तीची कामे करायचे. दुनियेचे नळ दुरुस्त आणि घरचा गळका, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. थेंब खालच्या पातेल्यावर पडायचे. टक टक. धाकटी हातातला खेळ टाकून टेबलाकडे धावायची आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहायची. एकदा बाबांनी ते पाहिले. त्याच दिवशी त्यांनी नळाचा वायसर बदलला. घर एकदम गप्प झाले. दोन दिवस धाकटी धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी पाना घेतला आणि आपल्याच हाताने तो नळ पुन्हा थोडा ढिला केला.

असे वर्ष गेले. फ्रॉक आता धाकटीला अगदी बरोबर बसला असता. आणखी थोड्या दिवसांनी तो आखूड होणार, हे थोरलीच्या ध्यानात आले.

"बाबा, आम्हाला शिवायला शिकवा ना," ती म्हणाली.

"अगं, मला कुठं येतंय?"

"मग तुम्ही आधी शिका, मग आम्हाला शिकवा."

बाबा खरेच रोज दुपारी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाऊ लागले. दुपारी जे शिकायचे तेच संध्याकाळी शिकवायचे. वासरात लंगडी गाय शहाणी! मी त्यांच्या करंगळीच्या नखापुढे जाईना. नेढ्यात दोरा ओवता ओवता त्यांना घाम फुटायचा. नळाच्या जोडाला सूत गुंडाळून आवळायची त्यांच्या हाताला सवय. म्हणून प्रत्येक टाक्याला ते सांगायचे, "घट्ट ओढा, गळायला नको!" कापडाला चुण्याच चुण्या पडायच्या. एकदा तर त्यांनी रुमालाबरोबर स्वतःची विजारही शिवून टाकली. ते उठले तसा रुमालही उठला. त्या दिवशी दोघी पोट धरून हसल्या. घरात हसू ऐकून मलाच दचकायला झाले.

मुली मला आलटूनपालटून घालायच्या. मी सैल व्हायचो, मग आत चिंधी कोंबायच्या. पण नवे बोट आले तरी जुने बोट हलत नव्हते. ते तिथेच होते, गार.

फ्रॉकला मात्र धाकटी कुणाला शिवू देईना. मग एके दिवशी, मुली शाळेत असताना, बाबांनी तो खुंटीवरून काढला. तयार फ्रॉक पाहून ती खूश होईल, असे बिचाऱ्यांना वाटले. आईच्याच सुईने त्यांनी चार टाके घातले. चुण्या पडल्या. घाबरून त्यांनी ते उसवायला घेतले. दोरा तोच, कापड तेच, चष्मा खिशात. ओढत गेले, ओढत गेले. थांबले तेव्हा त्यांचे चार आणि तिचे नऊ टाके निघाले होते.

मित्रांनो, ते नऊ टाके मी ढकललेले होते. मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. बाबा फ्रॉक मांडीवर घेऊन शाळा सुटेपर्यंत तसेच बसून राहिले.

धाकटीने आल्या आल्या पाहिले. "आईचे टाके कुठं गेले?"

"मी उसवले गं. चुकून. मला नीट येत नाही." एवढे बोलून बाबा लहान मुलासारखे रडू लागले.

धाकटी रडली नाही. तिने फ्रॉक उचलला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. वर्षभर त्या टाक्यांनी कापड धरून ठेवले होते. त्यांच्या जागी बारीक भोके राहिली होती आणि त्यांतून उजेड येत होता.

"ताई, बघ. आईच्या सुईची भोकं."

तिने माझ्यात चिंधी कोंबली आणि मला बोटावर चढवले. थोरलीने कापड धरले. पहिल्या भोकात सुई गेली. बाबा सवयीने म्हणाले, "घट्ट ओढ."

"नको बाबा. गळत नाही ते."

नऊ भोके, नऊ टाके. नऊही वेळा सुई माझ्या त्याच खोल खळीत येऊन टेकली. ती जागा धाकटीला कुणी दाखवली होती? नवव्या टाक्याला आतले बोट उबदार झाले. मी म्हातारा आहे, खोटे बोलून मला काय मिळायचे?

पुढे आईची भोके नव्हती. कोरे कापड. धाकटी थांबली. नळ वाजला, टक टक. तिने मागे वळून पाहिले नाही.

"बाबा, इथून पुढं कसं?"

"ते मलाही नाही माहीत," बाबा म्हणाले. "एक टाका तू घाल, एक ताई, एक मी."

ती वीतभर दुमड पुरी व्हायला चार दिवस लागले. वेडीवाकडी, कुठे सैल, कुठे घट्ट. शेवटची गाठ धाकटीने मारली, तेव्हा बाबा मोरीत हात धूत होते. तिने मला टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवले. टक टक.

बाबा ओल्या हातांनी धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटले होते, आलीच. खुर्चीत धाकटी बसली होती. बाबांनी तिला पाहिले, मग फ्रॉक पाहिला आणि खाली बसून तिला जवळ घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो नळ कायमचा दुरुस्त केला.

आता मुली मोठ्या झाल्या. मी डब्यात बटणांखाली पडून असतो. तक्रार नाही, एवढेच मागणे आहे. कुणाचे अर्धे राहिलेले काम खुंटीवर टांगून ठेवू नका. येत नसले तरी हातात घ्या, वाकडे होईल, होऊ द्या. आणि तुमच्या घरात कधी एखादे जुने अंगुस्तान सापडले, तर घाईने बोट घालू नका, क्षणभर थांबा. आत कुणीतरी असेल. त्याला थोडे सरकायला सांगा, आणि मग शिवायला बसा.