‘अहो’ या नावाचा पुरावा

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, वाराही नाही. नुसता उकाडा. आमच्या अर्जाचंही तसंच चाललं होतं. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना.

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. बिस्किटांचा. झाकणावर पूर्वी दोन घोड्यांची गाडी होती, आता एका घोड्याचे मागचे पाय तेवढे उरलेत. मला अक्षर येत नाही. पोटात एवढे कागद, पण त्यातला एक वाचता येईल तर शपथ.

माझा जन्म कारखान्यातला. एक ठोका बसला नि तळ झाला, दुसरा बसला नि झाकण. बिस्किटं पंधरा दिवसांत संपली. मग बाईंनी माझ्यात बटणं ठेवली. बाई कपड्यांची दुरुस्ती करतात. बाही आखूड, कंबर सैल, असली कामं. बटणांची वर्षं फार सुखात गेली. बटण कधी म्हणत नाही की माझी मुदत संपली.

बाई तरुणपणी या देशात आल्या आणि इथल्या नागरिक झाल्या. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लग्न केलं. नवरा कुलपं दुरुस्त करणारा, शांत माणूस. पण तो पडला बाहेरचा. त्याला इथे कायमचं राहता यावं म्हणून अर्ज करायचं ठरलं, तेव्हा बटणं बरणीत गेली आणि माझ्यात कागद आले.

काय सांगू तुम्हाला! लग्नाचा दाखला. दाखल्याचं भाषांतर. भाषांतर खरं आहे याचा शिक्का. फोटो दिला, तर कान दिसत नाहीत म्हणून परत. कान दाखवले, तर हसताय म्हणून परत. शिवाय लग्न खरं आहे याचा पुरावा हवा. अहो, मला विचारा ना! बाईंना हल्ली सुईचं भोक दिसत नाही. तो रोज सकाळी दहा सुया ओवून ठेवतो. आणि रोज त्या म्हणतात, “दोरा केवढा लांब घेतलात!” आता लग्न याहून खरं ते काय असतं? पण डब्याची साक्ष कोण घेतो.

एका कलमापाशी त्याची लेखणी थांबली होती, ते मला आठवतं.

“काय विचारतायत?” बाई म्हणाल्या.

“दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखतात का, म्हणे.”

“मग लिहा की. सरकारी कागद आहे, लपवायचं कशाला?”

“पण काय लिहू?”

“मी काय म्हणते तुम्हाला?”

“अहो.”

“तेच लिहा.”

त्यानं लिहिलं. चांगलं ठळक लिहिलं.

अकरा महिन्यांनी कचेरीचं पत्र आलं. ‘अहो’ या नावाचा पुरावा सादर करा. ओळखपत्र, शाळेचा दाखला, काहीही चालेल. नाहीतर अर्ज रद्द. त्याचा परवाना महिनाअखेरीला संपणार होता. अर्ज रद्द म्हणजे त्यानं देश सोडायचा, तिकडून नव्याने अर्ज करायचा, आणि पुढची तीन-चार वर्षं बाईंनी एकटीनं काढायची.

तीनदा गेलो आम्ही त्या कचेरीत. खिडकीपलीकडे कारकून, त्याला आपली भाषा येत नाही. मध्ये दुभाषी मुलगी, तिला दोन्ही येतात. ती हळूच म्हणायची, “काका, मला कळतंय हो सगळं. पण मी फक्त बोललेलं पोचवायचं, पदरचं घालायचं नाही.”

कारकून विचारी, “म्हणजे तुमच्यात सगळ्या नवऱ्यांचं नाव हेच?”

“हो,” बाई म्हणाल्या.

“मग त्यातले हेच ते कशावरून?”



“मग ते खोडून टाका,” बाई म्हणाल्या. खोडताही येईना, कारण शपथेवर लिहिलेलं. शेवटी कारकूनच म्हणाला, “यांना याच नावानं ओळखणारा साक्षीदार आणा. घरचा नको.”

म्हणून त्या उकाड्याच्या दिवशी सोबत शेजारी होता. निवृत्त बसचालक, मोठ्या आवाजाचा. आपल्या भाषेतला त्याला एकच शब्द येतो. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ, त्यामुळे चार वर्षं तो शब्द त्यानं दिवसातून पन्नासदा ऐकलेला. जिन्यात भेटला की तो मोठ्यानं म्हणतो, “गुड मॉर्निंग, अहो!”

या खेपेला पहारेकरी नवा होता, त्यानं पत्र्याचं आत न्यायचं नाही म्हणून मला बाहेर बाकावर ठेवलं. खिडकी उघडी होती, म्हणून ऐकू आलं.

“या गृहस्थांचं नाव?”

“अहो,” शेजारी ठासून म्हणाला. “मिस्टर अहो. दुसरं मी कधी ऐकलं नाही. हाक मारा, लगेच वळून बघतो.”

 मग शिक्का पडल्याचा आवाज आला. कायमचा परवाना मिळाला.

बाई बाहेर आल्या, सगळे कागद पुन्हा माझ्यात कोंबले आणि झाकणावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.  मला वाटलं, सुटलो, आता बटणं येतील. पण पाच वर्षांनी परवान्याचं कार्ड नवं करायचं असतं म्हणे, कागद टाकू नका. अर्ज छापणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. थोडी कलमं कमी करा. माझ्या बिजागऱ्या गंजल्यात.

कामाची वेळ संपली तशी दुभाषी मुलगी बाहेर आली आणि तिनं त्या शब्दाचा अर्थ शेजाऱ्याला समजावून सांगितला. तो आधी बाईंकडे बघत राहिला, मग त्यांच्या नवऱ्याकडे. कानापर्यंत लाल झाला आणि त्याला म्हणाला, “म्हणजे चार वर्षं मी तुम्हाला बायकोसारखी हाक मारतोय? आणि तुम्ही प्रत्येक वेळी ओ देत होतात?”